अर्चीचा बाप एका रात्रीत बदलत नाही

(गिरड, जि. वर्धा इथं भरलेल्या युवक अभ्यास-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज जमेल तेवढा तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून तुमच्यातले काही जण हसले, ते मी पाहिलं. काल जमिनीच्या प्रश्नावर बोलणं झालं, उद्या शिष्यवृत्तीवर होणार, आणि मधेच हे काय? सिनेमातल्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या प्रेमकथा! एका पोट्ट्यानं तर तोंडावरच विचारलं, "ताई, आंदोलनाच्या शिबिरात हे अर्ची-पर्श्या काहून आणले?"

काहून आणले ते सांगते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिलं, आणि मंडळानं घाबरून ते अधिवेशनच रद्द केलं. त्या भाषणात जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून बाबासाहेबांनी आंतरजातीय लग्नाचं नाव घेतलंय. नुसतं एका पंगतीला बसून जात जात नाही, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे कोण कोणावर प्रेम करतो हा प्रश्न आपल्या देशात खाजगी कधी नव्हताच. गाव त्यावर बैठक बसवतं, जातपंचायत दंड लावते, भाऊ हत्यार घेऊन निघतो. ज्या गोष्टीपायी माणसं मारली जातात त्या गोष्टीवर आपली पोरं-पोरी वहीत, मोबाइलमध्ये रात्र-रात्र जागून लिहितात. तो टाइमपास कसा होईल? तुम्ही लिहिलेल्या गोष्टींचा गठ्ठा मी दोन आठवडे वाचला. त्यातून जे सुचलं तेच आज बोलणार आहे. कौतुक कमी करीन, भांडण जास्त करीन. भांडायला आपलीच माणसं लागतात.

आधी ही भानगड काय ते बघू. दुसऱ्याच्या गोष्टीतली पात्रं उचलायची आणि त्यांचं पुढचं, मधलं, सांगायचं राहून गेलेलं आपण लिहायचं, याला इंग्रजी मुलखात फॅनफिक्शन म्हणतात. अमेरिकेत १९६७ साली 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' नावाचं अनियतकालिक काढलं. प्रकाशक विचारणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी स्वतःच चक्र फिरवून प्रती काढल्या. असल्या अंकांतून लिहिणाऱ्यांत बायाच जास्त होत्या. आपल्या अनियतकालिकांचं चरित्र याहून काय वेगळं आहे?

पण नाव त्यांचं असलं तरी काम आपल्याकडंही जुनं आहे. जात्यावर बसलेल्या अडाणी बाईनं वाल्मीकीला न विचारता सीतेला आपल्या ओवीत घेतलं आणि तिच्या तोंडून स्वतःचा सासुरवास बोलून घेतला. शंबूक आणि एकलव्य तर आपल्या कवींनी पोथीच्या कोठडीतून सोडवून आणले. दुसऱ्याच्या गोष्टीत घुसून आपल्या माणसासाठी जागा मागणं ही आपली रीतच आहे. तेव्हा 'सैराट' संपल्यावर तुम्ही म्हणालात की हा शेवट आम्हाला मान्य नाही, आमची अर्ची जगली पाहिजे, तेव्हा तुम्ही चूक काही केलं नाही. तो नकार आहे. नकार देणं आपल्याला शिकवावं लागत नाही.

प्रश्न पुढचा आहे. नकार दिल्यावर लिहायचं काय? पात्रं बदलायची तर ती बदलणार कशी?

आता नीट ऐका, कारण माझं सगळं म्हणणं इथं आहे. जात ही सुद्धा एक रचलेली गोष्टच आहे. फार जुनी, फार खपलेली. ती गोष्ट सांगते की माणूस जन्मला तेव्हाच त्याचा स्वभाव ठरला, त्याचं काम ठरलं, त्याची लायकी ठरली. मेला तरी तो तोच राहणार. म्हणजे जातीच्या गोष्टीत पात्राची वाढच होत नाही! २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली तेव्हा बाबासाहेबांनी आणि त्यांच्या माणसांनी ह्याच गोष्टीचं पुस्तक जाळलं. म्हणून जो कोणी लिहितो की माणूस बदलतो, आणि तो कशानं बदलतो, त्यासाठी काय मोजतो, हे वाचणाऱ्याला पटेल असं दाखवतो, तो जातीच्या मुळावर घाव घालतो. पण दाखवलं पाहिजे. 'आणि मग त्याचं मन बदललं' असं एका ओळीत लिहिलं की घाव हवेत जातो. जात तिथंच उभी राहते आणि हसते.

आता तुमच्या गठ्ठ्याकडे वळते.

बहुतेक गोष्टींत पर्श्या कलेक्टर झालाय. हैदराबादेत डोशाच्या गाडीवर काम करता करता तो स्पर्धा परीक्षा देतो, पहिल्या फटक्यात पास होतो, आणि लाल दिव्याच्या गाडीतून अर्चीला घेऊन गावात येतो. गाव फुलं उधळतं. अर्चीचा बाप, तात्या, खाली मान घालून उभा. अरे, १ मे २०१७ पासून साहेबांच्या गाड्यांवरचे लाल दिवेही गेले! तेवढं तरी बघा. पण दिव्याचं सोडा. ह्या पर्श्याला एक दोष नाही. तो चिडत नाही, थकत नाही, अभ्यासात चुकत नाही, बायकोवर आवाज चढवत नाही. असा माणूस मी तरी पाहिला नाही, आमच्या वस्तीत नाही आणि मंत्रालयातही नाही.

हा रोग आपलाच आहे असं समजू नका. त्या 'स्टार ट्रेक'वाल्या अंकांतही एक सर्वगुणसंपन्न नायिका गोष्टीमागून गोष्टीत येऊ लागली. सगळ्यांत तरुण, सगळ्यांत हुशार, सगळे तिच्यावर लट्टू. १९७३ साली पॉला स्मिथ नावाच्या बाईनं तिची टिंगल करणारी एक इवलीशी गोष्ट लिहिली आणि त्या नायिकेचं नाव ठेवलं मेरी स्यू. तेव्हापासून असल्या निर्दोष पात्राला मेरी स्यूच म्हणतात. आपला कलेक्टर पर्श्या हा मेरी स्यूचा चुलतभाऊ आहे.

तो का जन्माला येतो ते मला कळतं. ज्यांना पिढ्यान् पिढ्या कचरा म्हटलं, त्यांना आपला नायक सोन्याचा पाहिजे. पण मित्रांनो, सोनं वाढत नाही. ते जसं आहे तसंच पडून राहतं. शिवाय ह्या गोष्टीत एक विष आहे. कलेक्टर झाला म्हणून पर्श्याला गाव मान देतं. मग जो पर्श्या कलेक्टर झाला नाही, आयुष्यभर डोसेच लावत राहिला, त्याला प्रेम करायचा हक्क नाही काय? त्याला मारलं तर चालेल काय? तुमची गोष्ट नकळत हेच बोलून जाते.

आता मूळ सिनेमात पात्रं कशी चालतात बघा. नागराज मंजुळेंचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला. बाया-माणसं ट्रॅक्टर भरून बघायला गेली, थेटरात नाचली. गाणी सगळ्यांच्या ध्यानात आहेत. मला ध्यानात राहिला तो हैदराबादेतला भाग, जिथं कोणी नाचत नाही.

अर्ची कोण आहे? पाटलाची लेक. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, घोड्यावर बसते. तिचं धाडस आपल्याला आवडतं, पण त्या धाडसाखाली बापाची जमीन आहे, बापाची सत्ता आहे. ती डोळे वटारू शकते, कारण तिला कोणी उलटून बोलणार नाही हे तिला माहीत आहे. मग ती पळते. हैदराबादेत झोपडपट्टीत एका खोलीत येऊन पडते. सुमनअक्का नसती तर तेवढंही मिळालं नसतं. तिथली घाण तिला सोसत नाही, घराची आठवण येते, ती रडते. आपण म्हणतो, अरे, वाघीण रडली! होय, कारण बुलेट गेली, बाप गेला, उरलेलं जे काही आहे ती ती स्वतः. इथून ती पाटलाच्या पोरीची माणूस व्हायला लागते. कारखान्यात बाटल्यांच्या कामाला जाते. तेलुगू शिकते. स्वतःच्या मजुरीचे पैसे हातात घेते. संसार जमतो, मग लग्नाची नोंदणी होते, मग मूल होतं. हे सगळं होईपर्यंत आपण तिच्याबरोबर चार पायऱ्या चढून आलेलो असतो. म्हणून शेवटी मुलाला वाढवणारी, स्वतःच्या पगारावर उभी असलेली अर्ची आपल्याला पटते. तिच्यातलं जुनं सगळं गेलेलं नसतं. हिंमत तीच असते, पण तिच्याखालची जमीन आता बापाची नसते.

तुमच्या गोष्टींत अर्ची एका परिच्छेदात 'बहुजनांची कन्या' होते आणि भाषण करते. भाषण छान आहे. पण तिनं पहिल्यांदा सार्वजनिक नळावर रांगेत हंडा लावला त्या दिवसावर एक गोष्ट मला द्या. मागच्या बाईनं तिला ढकललं तेव्हा तिच्या तोंडात आधी काय आलं? बापाचं नाव आलं का? आणि ते गिळताना तिला कसं वाटलं? तिथं पात्र वाढतं. भाषणात नाही.

आता पर्श्याचं. आणि इथं पोरांनो, जरा सरसावून बसा.

पर्श्या अर्चीवर संशय घेतो आणि चारचौघांत तिच्या तोंडात मारतो. हे सिनेमात आहे. तुमच्या गठ्ठ्यात हा प्रसंग कुठंच नाही. एक तर तो गाळलाय, नाहीतर 'परिस्थितीमुळं त्याचा तोल गेला' असं म्हणून मिटवलाय. ज्या दोन-तीन गोष्टींत तो आलाय त्या मुलींनी लिहिल्यात. याचा अर्थ काय लावायचा ते तुम्हीच ठरवा.

ह्या थपडेला मागचा इतिहास आहे. विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' १९८३ साली आलं. समाजवादी आमदार नाथ देवळालीकरची मुलगी ज्योती, दलित कवी अरुण आठवलेशी लग्न करते. अरुण दारू पितो, तिला मारतो, ती पोटुशी असताना मारतो. का मारतोस म्हटलं तर बापानं आईला मारलेलं बघितलं, आमच्यात असंच, असा त्याचा खुलासा. आपली माणसं पेटली. ह्या नाटकापायी तेंडुलकरांवर चप्पल भिरकावली गेली, आणि ह्याच नाटकाला १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. पारितोषिकवाल्यांना ते धाडस वाटलं, आपल्याला बदनामी वाटली.

पण त्या भांडणात एक मुद्दा बाजूला राहिला, तो मी मांडते. दलित पुरुष बायकोला मारत नाही, असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीत येऊन बघा, किंवा आपल्या लेखिकांची आत्मकथनं उघडून बघा, तिथं लपवाछपवी नाही. तेंडुलकरांनी मारणारा दलित दाखवला हा माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप असा की अख्ख्या नाटकात अरुण बदलत नाही. नाथ बदलतो, त्याचा भ्रम फुटतो. सेवा बदलते. ज्योती तर मुळापासून बदलते, बापाचे सगळे आदर्श बापाच्याच अंगावर फेकून निघून जाते. आणि अरुण? पहिल्या भेटीत ज्योतीचा हात पिरगाळतो, शेवटीही तोच. मधे त्याला पश्चात्तापाचं नाटक येतं, पण वाढ येत नाही. बदलायचा हक्क देवळालीकरांच्या दिवाणखान्यात. अरुण त्यांच्या प्रयोगातलं रसायन. हीच ती जातीची जुनी गोष्ट: तो जन्मला तसाच राहणार.

आता पर्श्याकडे बघा. तोही मारतो. पण तो तिथपर्यंत कसा आला ते आपण बघितलंय. गावात क्रिकेटचा कप्तान, अभ्यासात हुशार, मित्रांचा लाडका. हैदराबादेत तो कोणीच नाही. बायको नोकरीवर जाते, चार लोकांत मिसळते, नवी भाषा बोलते, पुढं जाते. त्याच्याजवळ नवरेपणाशिवाय मोठं असं काही उरत नाही, आणि ते नवरेपण कुठल्या एका जातीनं दिलेलं नाही, सगळ्यांनी मिळून दिलंय. अर्ची निघून जाते. रेल्वेत बसते. तिच्या जाण्यानं तो मोडतो, मरायला निघतो. ती परत येते. त्यानंतरचा पर्श्या वेगळा आहे. म्हणजे एक दलित-भटका पोरगा चुकू शकतो, आणि चुकीतून उठूही शकतो. देव नाही, जनावर नाही. आपल्याला एवढंच पाहिजे होतं. तुम्ही थप्पड गाळता तेव्हा त्याचं उठणंही गाळता. आणि अर्चीच्या बाजूनं विचार केला तर ती परत आली यावरच गोष्ट संपत नाही. ती कुठल्या अटीवर परत आली? त्या रात्री दोघांत काय बोलणं झालं? सिनेमानं ते सोडून दिलंय. ती जागा चाहत्यांनी लिहायची आहे. लिहा ना!

आता सगळ्यांत अवघड पात्र. तात्या. अर्चीचा बाप.

तुमच्या गोष्टींत तात्या कसा बदलतो? नातू बघून. बाळाचा फोटो येतो, म्हाताऱ्याचे डोळे भरतात, तो हैदराबादेला जातो, लेकीला पोटाशी धरतो. संपलं. जवळजवळ सगळ्या गोष्टींत हेच. आणि मैत्रिणींनो, इथं मला राग येतो. सिनेमाचा शेवट आठवा. अर्ची आईला फोन करते. आईचा जीव तुटतो, तो खरा आहे. मग प्रिन्स आणि नात्यातली माणसं आईकडच्या भेटवस्तू घेऊन येतात. अर्ची चहा टाकते. बाळ झालं, आता घरचे निवळले असतील, असंच तिला वाटतं. पुढं काय झालं ते आपण पाहिलं. म्हणजे ज्या समजुतीनं अर्चीचा जीव घेतला, तीच समजूत तुम्ही तुमच्या गोष्टीत खरी करून ठेवली! उद्या एखादी खरी पोरगी, दूर गावात लपून राहिलेली, रात्री मोबाइलवर तुमची गोष्ट वाचेल. वाचून तिला वाटेल, बाबा निवळले असतील. ती पत्ता सांगेल. गोष्टीतला खोटा बदल कधीकधी एवढा महाग पडतो.

आपण बसलोय ते गिरड. समोरच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. वर जाल तेव्हा पायाखाली गोल-गोल दगड दिसतील. भूगर्भवाले त्याला झिओलाइट म्हणतात, काळ्या खडकाच्या पोटात तयार झालेलं. पण इथली माणसं सांगतात की दोन फिरते व्यापारी आले, त्यांनी बाबांची टिंगल केली, आणि त्यांचा सगळा माल, नारळ-बिरळ, जागच्या जागी दगड झाला. मग त्यांनी पाय धरले, तेव्हा बाबांनी झाडाच्या वाळक्या पानांचा नवा माल करून दिला. माल एका क्षणात दगड झाला, एका क्षणात परतही मिळाला. पण व्यापारी? ते परत गेले नाहीत. बाबांच्या सेवेत इथंच राहिले आणि इथंच मेले, टेकडीवर त्यांच्या कबरी दाखवतात. बघा, दंतकथेलाही कळतं. चमत्कार मालावर चालतो. माणूस बदलायला तिनंही अख्खा जन्म दिला, आणि धंदा सोडायला लावला. तुम्ही तात्याला एक फोटो दाखवून मोकळे होता!

मग तात्या बदलूच शकत नाही काय? असं मी म्हणाले तर मीही जातीचीच गोष्ट सांगितली, की पाटील जन्मतःच खुनी. नाही. तो बदलू शकतो. पण त्याला विचारा, तुझ्याजवळ काय आहे आणि त्यातलं काय सोडशील? त्याची इज्जत म्हणजे हवा नाही. इज्जत म्हणजे मतं, ऊस, सोयरिकी, भावकीत वरची बैठक. मराठीचे प्राध्यापक लोखंडे वर्गात शिकवत असताना प्रिन्स त्यांच्या कानशिलात देतो आणि त्याला कोणी हात लावत नाही, ती सूट म्हणजे इज्जत. लेकीला घरात घ्यायचं तर ह्यातलं एकेक सोडावं लागेल. भाऊबंद बोलणं टाकतील. पोराचं लग्न जमणार नाही. प्रिन्स बापावर उलटेल. ह्यातलं पहिलं नुकसान सोसून तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर जाऊन बसला, आणि शेजारचा उठून गेला, असं लिहा. मग मी त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार आहे.

दबावाखाली माणूस कसा बदलतो त्याचा एक खरा धडा आपल्याजवळ आहे, तो उलट्या दिशेचा आहे. २८ एप्रिल २०१४. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं खर्डा गाव. सतरा वर्षांचा आपला एक शाळकरी पोरगा. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो एवढ्यावरून त्याला मारलं आणि झाडाला टांगलं. खटला उभा राहिला. एकामागून एक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. पाहिलेलं माणसांनी 'पाहिलं नाही' म्हटलं. ती माणसं राक्षस असतील असं मला वाटत नाही. त्यांना त्याच गावात राहायचं होतं, एवढं मला दिसतं. बदल एका बाजूनं असा होतो. मग दुसऱ्या बाजूनं व्हायचा तर केवढी ताकद लागेल? कोण त्यांच्या पाठीशी उभं राहिल्यावर एखादा साक्षीदार आपल्या शब्दावर टिकला असता? ती गोष्ट कोणी लिहिली काय? प्रेमकथेत फक्त दोघं नसतात. साक्षीदारही असतो. त्याचंही पात्र वाढवा.

'सैराट'चे चाहते फक्त तुम्हीच नाही, पैसेवालेही आहेत. कन्नड, ओडिया, पंजाबी, बंगालीत तो पुन्हा काढला, आणि २०१८ साली हिंदीत 'धडक' झाला. उदयपूरचा वाडा, कोलकात्याची खोली, गोरी-गोमटी जोडी, आणि जात इतक्या हळू आवाजात की कान लावला तरी ऐकू येईना. शेवटी पोरगा आणि बाळ मरतं, मुलगी जगते. शेवट बदलला म्हणून मी रागावले नाही. पण जात काढून घेतल्यावर ती माणसं कशासाठी मारतात तेच कळेना. कारण गेलं की पात्र गेलं, नुसते चेहरे उरले. तुमच्या वह्यांत पुष्कळ स्पेलिंगं चुकलीत, पण कारण तुम्हाला माहीत आहे. ते करोडोंच्या सिनेमाजवळ नव्हतं. त्याचा उपयोग करा.

कसा करायचा? दोन-चार गोष्टी सांगते.

१९५४ चा विशेष विवाह कायदा घ्या. दोघांनी नोटीस द्यायची, ती कचेरीत लावली जाते, तीस दिवस हरकतीसाठी थांबायचं. प्रेम करणाऱ्यांना तो कागद म्हणजे गळफास, कारण तो कोणीही वाचतो. पण लिहिणाऱ्याला बघा काय मिळालं! तीस दिवस. रोज एक माणूस बदलायची संधी. नोटीस चिकटवणारा शिपाई, ती वाचून फोन लावणारा ओळखीचा, सही करायला कबूल होऊन सातव्या दिवशी गळपटलेला मित्र, आणि ज्याच्याकडून काहीच आशा नव्हती तो विसाव्या दिवशी दार उघडणारा काका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष आणि आसऱ्याच्या घरांबद्दल राज्यांना आदेश दिले. तुमच्या गोष्टीतली जोडी त्या कक्षाच्या दारात जाऊ द्या. आत बसलेला हवालदार आडनाव विचारतो की नाही, बघा.

दुसरं, पैसा लिहा. खोलीभाडं किती, मजुरी किती, पहिल्या महिन्यात कोणी काय गहाण टाकलं. पैशाच्या हिशोबात माणसाचा स्वभाव उघडा पडतो.

तिसरं, आणि हे झोंबणार आहे. तुमच्या सगळ्या गोष्टींत वाईट घर पाटलाचं, चांगलं घर आपलं. सिनेमात असं नाही. पर्श्याच्या बापाला त्याच्याच जातपंचायतीपुढं लाचार व्हावं लागतं. आता आपल्या घरात या. १९५६ साली नागपूरला आपण दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आणि आज आपल्या पोरानं पलीकडच्या वस्तीतली, आपल्याहून 'खालची' म्हणतात त्या जातीतली मुलगी आणली तर आपली आई काय म्हणते? "पोरगी कोणाची हाय वं?" हा प्रश्न चुलीजवळ बसून, भाकर थापता थापता, अगदी प्रेमानं विचारला जातो. ती आई खलनायिका नाही. तिनं जन्मभर शिव्या खाल्ल्यात आणि तरी तिच्या हाताशी कोणीतरी खालचं राहावं असं तिला वाटतं. जातीची उतरंड म्हणतात ती हीच. ह्या आईला बदलणारी प्रेमकथा लिहा. तात्याला बदलण्याआधी हिला बदलून दाखवा. हिचा सगळा मुलूख तुम्हाला पाठ आहे, काहीच कल्पनेनं लिहावं लागणार नाही.

शेवट सुखाचा करू नका असं मी सांगत नाही. रडक्या शेवटानं कोणी मोठा लेखक होत नाही. आपली पोरं कथेतसुद्धा मरतच राहिली पाहिजेत, असा काही नियम नाही. मी स्वतः अर्ची जगावी अशीच वाचक आहे. पण ती जगली तर कोणामुळं जगली, कोणी काय सोडलं, कोणी कधी दार उघडलं, ह्याचा हिशोब मला गोष्टीत सापडला पाहिजे. तो हिशोब जुळला की मग खुशाल त्यांना तिसऱ्या मजल्यावर घर द्या, स्कूटर द्या, पोराला शाळेत घाला. मी आनंदानं वाचीन आणि दुसऱ्यालाही वाचायला देईन.

दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांनी आपापली वही परत घ्यायची आहे. प्रत्येकीत मी एका ओळीखाली रेघ मारलीय, जिथं कोणीतरी एकदम बदललंय तिथं. ती ओळ खोडायची, आणि तिच्या जागी चार पानं लिहायची. संध्याकाळी वाचन आहे. ज्यानं पर्श्याची थप्पड गाळली होती, तो आधी वाचेल.

जय भीम.